बापाचा रकाना

"तोंड उघड म्हनलं की लगीच उघडायचं? तू काय बाजारातला घोडा हायस व्हय रं, नोएल?"

"घोड्याचं दात मोजत्यात. हितं नुसती थुकी घेत्यात."

"आज थुकी. उद्या रगात. परवा म्हनतील, मुंडकं काढून ठिव, तपासून धाडतो म्हागारी."

रांगेतली चारदोन माणसं हसली. नोएलही हसला, पण जागा सोडली नाही. जून म्हणजे त्या मुलखात ऐन थंडी; तसल्या गारठ्यात कुराबी गावच्या सभागृहापासून पार बेकरीपर्यंत गडीमाणसांची रांग लागली होती. सगळे हात खिशात घालून, पाय आपटत उभे. फर्गस डूली तेवढा रांगेत नव्हता. तो रांगेच्या कडेनं फिरून एकेकाला फितवत होता. पन्नास वर्षं मेंढरं भादरून फर्गसच्या पाठीची कमान झालेली. कातरकऱ्यांच्या युनियनचं जुनं खोड. पाठ गेली तरी जिभेची धार तशीच.

"आयव्ही म्हातारीला मारनारा घावला तर म्या सोता दोर घिऊन येतो," फर्गस म्हणाला. "पर सरकारच्या पेटीत गेल्याली वस्तू भाईर आल्याली तू कवा बघितलीस? आन् राजीखुशीनं म्हनत्यात. जो देनार न्हाई त्येच्याकडं समदं गाव कसं बघतंय बघ. ह्येला राजीखुशी म्हनत्यात?"

"दर साली दोन हजार कोकरांचं कान टोचतो म्या," नोएल म्हणाला. "येक तरी कोकरू त्येनं दगावलं का?"

"कोकराला वारंट निघत न्हाई, येड्या!"

यावर मात्र सगळी रांग हसली.

महिन्याभरापूर्वी आयव्ही लँगटनच्या मागल्या खिडकीची काच फोडून कुणीतरी आत शिरलं होतं. म्हातारी त्र्याऐंशीची. पोस्टात जन्म काढलेली, कडक. ती काठी घेऊन आडवी आली. त्यानं ढकललं आणि ती चुलीच्या लोखंडी कडेवर आपटली. वीस दिवस डब्बोच्या दवाखान्यात काढून गेली. मागं उरलं ते काचेवरचं रक्त, म्हातारीचं नव्हे, परक्याचं. ते कुणाशी जुळतं हे बघायला सोळा ते सत्तर वयाच्या सगळ्या गड्यांनी गालाच्या आत कापसाची काडी फिरवून द्यावी, असं पोलिसांनी जाहीर केलं होतं.

नोएलला या म्हातारीचं दुःख गावात सगळ्यांत जास्त. दर रविवारी तो तिची लाकडं फोडायचा आणि मग तिच्या टेबलाशी बसून भाजलेलं मटण खायचा. त्याला अक्षर लागत नसे. पेन्शनचा, दवाखान्याचा, मतदानाचा कागद आला की म्हातारी चष्मा चढवून भरून द्यायची. बापाचं नाव, आईचं नाव, असे रकाने आले की ती काही विचारत नसे. पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची आणि म्हणायची, "चला, हे झालं. रस्सा घे अजून."

कारण नोएलला बाप नव्हता. म्हणजे असणारच कुणीतरी, पण कोण ते ठाऊक नव्हतं. नाताळाच्या आदल्या पहाटे अनाथाश्रमाच्या फाटकापाशी केळ्याच्या खोक्यात सापडला, म्हणून नोएल, म्हणजे नाताळ. पिंडर नावाच्या दूधवाल्याला सापडला, म्हणून पिंडर. तिथल्या सिस्टरांनी जगवला, पंधराव्या वर्षी मेंढरांच्या मागं धाडला. तेव्हापासून आजतागायत, त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत, हा गडी एकटा. लग्न झालं नाही. का झालं नाही, याला काही मोठं कारण नाही. विचारायला उशीर झाला, आणि मग विचारायला कुणी उरलं नाही, एवढंच.

अठ्ठावीस वर्षं तो एथरिजांच्या रानात होता. त्यांचा कळप जातिवंत. त्यांचा एकेक एडका दुसऱ्या मुलखातून माणसं येऊन घेऊन जायची. पूर्वी कुठलं कोकरू कुठल्या एडक्याचं हे नोएल नजरेनं सांगायचा. जबडा बघायचा, उभं राहण्याची ढब बघायची, आणि कान. कान खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. मग मालकीण जेनी एथरिजनं नवी तऱ्हा आणली. कोकराच्या कानाला चिमटा मारायचा, तांदळाएवढा तुकडा कुपीत पडायचा, कुपी शहरात जायची, आणि महिन्यानं कागद यायचा. कोकराचा नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर. जेनी कागद वाचून दाखवायची आणि नोएलनं आधीच सांगितलेला बाप दहात नऊ वेळा बरोबर निघायचा.

आठ हंगाम असे कागद ऐकल्यावर माणसाच्या डोक्यात काय बसेल? नोएलच्या डोक्यात एवढंच बसलं की तुकडा पाठवला की बाप येतो.

म्हणून तो रांगेत होता. आयव्हीसाठीही होता, ते खोटं नाही. पण खरी घाई दुसरीच होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

आत टेबलाशी सार्जंट क्वेल नावाची बाई बसली होती. शहरातली. केस करडे, आवाज मऊ. तिनं काडी फिरवली, कुपीत घातली, आणि फॉर्म पुढं केला.

"वाचून दाखवा बाई. माजा चष्मा ऱ्हायलाय."

तिला कळलं असावं. तिनं वाचलं. "इथं दोन चौकटी आहेत. पहिली, तुमचा नमुना फक्त याच गुन्ह्यासाठी वापरायचा आणि नंतर नष्ट करायचा. दुसरी, सरकारच्या साठ्यात कायम ठेवायचा. आजवर सगळ्यांनी पहिलीच निवडली आहे."

"दुसरीत जास्त मानसांसंगं ताडून बघत्यात?"

"हो. देशभरच्या."

"मंग दुसरी."

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की. कागद किती दिसांत येतो?"

"कसला कागद?"

"जुळल्याचा."

"जुळलं नाही तर काहीच येत नाही."

"आन् जुळलं तर?"

ती थकल्या माणसासारखी हसली. "जुळलं, तर आम्हीच येऊ तुमच्याकडं."

नोएल खूश होऊन घरी गेला.

त्याचं घर म्हणजे लोकर कातरायच्या छपरामागली पत्र्याची दोन खणी खोली. पलंग, चूल, टेबल, एक खुर्ची. त्या आठवड्यात तो गावच्या उकिरड्यावर गेला आणि एक बरीशी खुर्ची शोधून आणली. पाय हलत होता, तो पाचर मारून घट्ट केला. बसकणीला जुनी लोकर भरून गोणपाट ठोकलं. टेबलाच्या पलीकडं ठेवून दिली. मग रोज दुपारी टपालाची गाडी गेली की फाटकावरच्या टपाल टाकायच्या पिंपात हात घालून बघायचा. बियाण्याचं पत्रक, चर्चचं पत्रक. पिंपात एकदा कोळी निघाला.

"कुनाच्या पत्राची वाट बघतुयास रं?" जेनीनं एकदा विचारलं. "बाईबिई गाठलीस का काय या वयात?"

"गाठली तर तुमाला आदी सांगीन, मालकीन."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कोकरांचं काम अर्ध्यावर आलेलं असताना, सार्जंट क्वेल आली. गाडी धुळीनं माखलेली. नोएलनं हात धुतले, तिला खोलीत नेलं, आणि नव्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर बसलेलं ते पहिलं माणूस. त्यानं चहा ठेवला. मग तिच्याकडं पाठ करून चुलीशी उभा राहिला.

"मिस्टर पिंडर, आधी एक सांगते. काचेवरचं रक्त तुमचं नाही."

"त्ये मला म्हाईतच हाय की."

"पण तुमच्या वडिलांच्या वंशाचं आहे. सावत्र का सख्खा, भाऊ म्हणा, भावाचा मुलगा म्हणा. असा कुणीतरी. तुम्हाला भाऊ आहे?"

नोएल वळला. तोंडभर हसत होता.

"आवो बाई, त्येच तर म्या तुमाला इचारनार हुतो!"

तिनं वही उघडली. नोएलच्या डोक्यात मात्र तिच्या बोलण्यातलं बाकी काही शिरलंच नव्हतं. काच, रक्त, आयव्ही, हे सगळं बाजूला पडलं होतं. 'तुमच्या वडिलांच्या वंशाचं' एवढंच ऐकू आलं. म्हणजे वंश होता. म्हणजे कागद आला होता.

"अलीकडं तुमच्यासारखा दिसणारा कुणी माणूस पाहिलात? या भागात कामाला आलेला?"

दोन हजार कोकरांचे बाप नजरेनं सांगणारा गडी तो. त्याला विचारायची खोटी. त्यानं डावा कान पुढं केला. कान गालाला चिकटतो तिथं टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, जन्माचं. आश्रमातली पोरं चिडवायची, देवानं टोचायला घेतला आणि मधीच सोडला.

"ह्ये बघा. ह्ये असं भोक लाखात येकाला. आन् म्या बघितलंय! फेब्रुवारीत पलीकडच्या रानात तारंचं कुंपन घालाय येक गडी आला हुता, तिशीचा. तार ताणायचं हत्यार मागाय माज्याकडं आला. म्या म्हनलं, 'आरं, तुजा बी कान कुनी टोचला?' तर हसला आन् म्हनला, 'आमच्या बापाला बी हाय.' बाई, 'बापाला बी हाय' म्हनला! उभा बी असाच ऱ्हायचा, येक पाय मोडून. कोरी. कोरी मॅक्लिश. म्हंजे म्या मॅक्लिश हाय का?"

सार्जंट क्वेलचं पेन कागदावरून सरसर चाललं होतं. तो आवाज नोएलला आता ऐकू आला. किटली शिट्टी घालायला लागली, ती कुणी उतरवली नाही.

तो हळूच म्हणाला, "बाई, म्या कोकराचं सांगतो तसं सांगितलं."

"कळलं मला."

"म्हंजे... त्ये लिहू नगा."

"लिहून झालंय, मिस्टर पिंडर." पेन बंद करून तिनं खिशात ठेवलं. ती वाईट बाई नव्हती. थोडा वेळ बसली, नोएलनं किटली उतरवून ओतलेल्या कोऱ्या चहाचे दोन घोट घेतले. "मिसेस लँगटनसाठी तुम्ही योग्यच केलंत," ती म्हणाली.

नोएलनं किटली खाली ठेवली.  आयव्हीला ज्यानं चुलीवर ढकललं त्याला धरायलाच पाहिजे होतं. आणि साठ वर्षांत नातं म्हणून जे एक माणूस त्याला सापडलं, ते तेच होतं. दोन्ही खरं होतं.

आठ दिवसांत कोरीला क्वीन्सलँडच्या एका रानातून धरला. रक्त तंतोतंत जुळलं, त्यानं कबूलही केलं. कुराबीत दोन दिवस सगळे नोएलची पाठ थोपटत होते. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं की दोनशे अकरा गड्यांनी थुकी दिली आणि जुळली ती एकाचीच. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पबात त्याच्या शेजारचं स्टूल रिकामं राहायला लागलं. दुकानातली बाई सुटे पैसे त्याच्या हातात द्यायची ती फळीवर ठेवायला लागली. रविवारी लाकडं फोडायला आयव्ही नव्हती. तो आपल्या खोलीपुढं उगाच ओंडके फोडत बसायचा, आणि ढीग पत्र्यापर्यंत गेला.

एका शनिवारी फर्गस येऊन त्या रिकाम्या स्टुलावर बसला. नोएलला वाटलं, आता हा उट्टं काढणार. बघ, सांगत नव्हतो? फर्गसनं बिअर मागवली, अर्धी प्याला, मिशा पुसल्या.

"पाठ लई दुखती रं," तो म्हणाला.

"वारं हाय तसलं."

"व्हय. वारंच हाय."

एवढंच. पण मग तो दर शनिवारी तिथंच बसायला लागला.

मार्चमध्ये डब्बोच्या कोर्टात शिक्षा सुनावणार होते. नोएलनं जेनीला सांगितलं की दात दाखवायला जायचंय. जेनीनं गाडीची किल्ली दिली. त्यानं आयव्हीच्या अंत्यविधीला घातलेला कोट घातला आणि मागून तिसऱ्या बाकावर बसला.

कोरी आरोपीच्या पिंजऱ्यात काचेपलीकडं उभा होता, एक पाय मोडून. केस कातरल्यामुळं कान उघडा पडला होता. नोएलला एवढ्या लांबून भोक दिसणं शक्य नव्हतं, पण त्याला ते दिसलं. मग त्याची नजर पुढल्या बाकावर गेली. तिथं एक म्हातारा बसला होता, साठीचा असेल. शेजारी कुणी नाही. मानेवरची कातडी उन्हानं चिरलेली, खांदे नोएलसारखेच पुढं पडलेले. हॅट मांडीवर ठेवून तिची कड अंगठ्यानं घासत होता. नोएलनं खाली बघितलं. त्याचाही अंगठा हॅटच्या कडेवर फिरत होता. त्यानं हॅट बाकावर ठेवून दिली.

जज्जनं चौदा वर्षं सुनावली. म्हातारा हलला नाही. कोरीला खाली नेताना त्यानं बापाकडं बघितलं, आणि बापानं हात अर्धा वर केला. पुरा वर करायचं बळ नसावं.

नोएलनं रात्रंदिवस घोकून आणलं होतं काय बोलायचं ते. 'म्या नोएल. आपला बाप येकच.' पण त्याच्या पुढचं वाक्य काय? म्हाताऱ्यानं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं, तर? नोएलला भावाला सांगायची एकच ओळख होती. तुझ्या पोराला ज्यानं धरून दिलं तो मी. ती वगळून दुसरी कुठलीच नव्हती.

माणसं उठली. नोएल आधी दारापाशी पोचला होता. दार जड, आपोआप मिटणारं. तो ते धरून उभा राहिला. म्हातारा शेवटी आला, पाय ओढत. अगदी जवळून गेला. डाव्या कानापुढं भोक होतं.

"उपकार झालं, गड्या," म्हातारा खाली मान घालून म्हणाला.

"त्यात काय," नोएल म्हणाला.

म्हातारा पायऱ्या उतरून एका जुन्या गाडीत जाऊन बसला. गाडी बराच वेळ चालू झाली नाही. नोएल दार धरूनच उभा होता. मागून शिपाई म्हणाला, "बाबा, दार सोडा, गार हवा जातेय सगळी." तेव्हा त्यानं सोडलं.

पुन्हा ऑगस्ट आला, पुन्हा कोकरं. त्या सकाळी पिंपात सरकारी पाकीट होतं. गेल्या वर्षी रोज दुपारी ज्याची वाट बघितली ते आता आलं होतं. नोएलनं ते फोडलंच नाही. कुंपणाशी जेनी कुप्यांचे खोके लावत होती, तिच्या हातात दिलं.

जेनीनं वाचलं. "तुजा नमुना तू सरकारात कायम ठिवाय दिलास, त्ये तसंच ऱ्हाऊ द्यायचं का काढायचं, इचारत्यात. काढायचं असंल तर सही करून धाडायचं."

"काढा."

"तूच तर ठिवा म्हनला हुतास. आक्ख्या गावात तू येकटा."

नोएलनं कोकरू उचलून लाकडी घोडीवर उताणं धरलं. कोकराच्या पायांनी हवेत लाथा झाडल्या. "आजून किती मॅक्लिश हायती, कुनाला ठावं. येकादं पोरगं उद्या कुठं काच फोडंल. सरकारनं त्येला आपल्या पायानं हुडकावं. माज्या तोंडातनं नगं."

"आन् आयव्हीवानी दुसरी कोन गेली, तर?"

 कोकरू ओरडून ओरडून गप्प झालं.

"त्ये बी खरं हाय," तो म्हणाला. मग कोकराची पकड घट्ट करत म्हणाला, "पर काढा."

जेनीनं खोक्यावर कागद ठेवून भरायला घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पेन थांबलं. "बापाचं नाव इचारलंय."

कळपात कोकरांची आणि आयांची एकच हाकाटी चालली होती. धुळीत कुणाचं कोण काही दिसत नव्हतं. नोएलनं पत्र्याच्या खोलीकडं बघितलं. दारात ती दुसरी खुर्ची होती, आणि तिच्यावर कुत्रा वेटोळं करून झोपला होता.

"आयव्ही रेघ मारायची," तो म्हणाला. "पट्टी ठिवून."

जेनीकडं पट्टी नव्हती. तिनं कुपीच्या खोक्याची कड धरली आणि रेघ मारली. नोएलनं चिमटा उचलला, कोकराचा कान दोन बोटांत धरला, आणि दाबला. तांदळाएवढा तुकडा कुपीत पडला. त्यानं कोकरू खाली सोडलं. ते धडपडत कळपात घुसलं आणि कुठल्यातरी मेंढीनं ओ दिली.

"फुडचं आना," नोएल म्हणाला.